गुडघ्याच्या लिगामेंटचं पहिलं ऑपरेशन फसलं, तर दुसऱ्याची तयारी कशी करायची

एसीएलचं, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं, कुबड्या सुटल्या, व्यायामही झाला. आणि वर्ष-दोन वर्षांनी गुडघा पुन्हा निसटायला लागला. अशा वेळी घरात विचारलं जातं ते दोनच: आता कोणत्या डॉक्टरकडे जायचं आणि तारीख कधीची मिळेल. मी फिजिओथेरपिस्ट आहे. कबड्डी, खो-खो, फुटबॉल खेळणारी मुलं आणि दुचाकीवरून पडलेली माणसं माझ्याकडे नेहमी येतात. त्या सगळ्यांना मी एकच गोष्ट आधी सांगते: पहिलं ऑपरेशन का फसलं, हे कोणीतरी तुम्हाला स्पष्ट शब्दांत सांगितल्याशिवाय दुसऱ्याची तारीख घेऊ नका. मूळ कारण तसंच राहिलं तर नवा ग्राफ्टही (तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेली पट्टी) त्याच कारणाने जातो, आणि तिसऱ्या खेपेला हाताशी फार काही उरत नाही.

घाई क्वचितच असते. गुडघा अडकून बसला असेल, म्हणजे सरळच होत नसेल, तर लवकर दाखवा. ताप, लाली आणि गरम सूज असेल तर त्याच दिवशी दाखवा. एरवी नीट तपासून ठरवायला काही आठवडे हातात असतात. मात्र निसटणारा गुडघा तसाच वापरत महिनोन्‌महिने काढू नका, कारण प्रत्येक निसटण्यात दोन हाडांमधली गादी (मेनिस्कस) आणि हाडांच्या टोकांवरची कूर्चा थोडी-थोडी मार खात असते.

पहिली पायरी: नेमका त्रास कोणता, ते ओळखा

"ऑपरेशन फेल गेलं" या एका वाक्यात तीन वेगळे आजार लपलेले असतात.

एक, अस्थिरता. पळताना दिशा बदलली, उडी मारून उतरलात किंवा बस पकडताना झटकन वळलात की मांडीचं हाड आणि नडगी एकमेकांवरून सरकल्यासारखी वाटतात. हे लिगामेंटचं काम.

दोन, ताठरपणा. गुडघा शेवटचे काही अंश सरळ होत नाही, चालताना पाय किंचित वाकलेला राहतो. यामागे बऱ्याचदा ग्राफ्टच्या पुढ्यात साठलेला व्रणाचा गोळा असतो. डॉक्टर त्याला सायक्लॉप्स म्हणतात. दुर्बिणीतून तो काढला आणि नंतर नेटाने व्यायाम केला की काम भागू शकतं. नवं लिगामेंट लागत नाही.

तीन, दुखणं. वाटीच्या पुढे, सांध्याच्या आतल्या कडेला, जिना चढताना, रात्री. याचं मूळ गादीत, कूर्चेत, वाटीच्या घर्षणात किंवा टोचणाऱ्या स्क्रूमध्ये असू शकतं. रिव्हिजन म्हणजे नव्याने लिगामेंट बसवणं, आणि ते अस्थिरतेवरचं औषध आहे. निव्वळ दुखण्यासाठी ते करून घेतलेली माणसं निराश होतात.

इथे एक गल्लत फार होते. जिना उतरताना गुडघा पुढे दुमडल्यासारखा होतो, त्यालाही लोक "निसटतो" म्हणतात. पण सरळ रेषेत चालताना-उतरताना होणारं दुमडणं पुष्कळदा मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कमजोरीमुळे असतं. पहिल्या ऑपरेशननंतर तो स्नायू कधी परत आलेलाच नसतो. टेप घेऊन वाटीच्या वर चार बोटांवर दोन्ही मांड्यांचा घेर मोजा. फरक डोळ्यांना दिसेल. म्हणून दोन-तीन आठवडे वहीत लिहून ठेवा: कधी निसटला, पाय वळलेला होता की सरळ, नंतर सूज आली का, किती वेळ टिकली. ही वही तपासणाऱ्या डॉक्टरच्या फार उपयोगी पडते.

दुसरी पायरी: जुने कागद मिळवा

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून बहुतेक जण टाळतात. टाळू नका. नव्या सर्जनला पहिल्या ऑपरेशनची नोंद हवी असते. डिस्चार्ज कार्डावरची "एसीएल रिकन्स्ट्रक्शन केले" ही एक ओळ पुरत नाही. सविस्तर ऑपरेशन नोट मागा. ग्राफ्ट कुठून घेतला, किती जाडीचा होता, गादी शिवली की कापली, कूर्चा कशी दिसली, हे तिच्यात असतं. इम्प्लांटचे स्टिकर मागा. स्क्रू टायटॅनियमचा आहे, पीक (PEEK) नावाच्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचा आहे की विरघळणारा, आणि कोणत्या कंपनीचा, यावर तो काढायला कोणता स्क्रूड्रायव्हर लागेल हे ठरतं. योग्य हत्यार हाताशी नसेल तर भुलीखालचा बराच वेळ स्क्रू काढण्यातच जातो. ऑपरेशनआधीचा एमआरआय, नंतरचे एक्स-रे आणि दुर्बिणीचे फोटो किंवा व्हिडिओ असतील तर तेही घ्या.

हा तुमचा हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. लेखी अर्ज द्या, त्याच्या प्रतीवर पोच घ्या. भांडायला जाऊ नका. "पुढच्या उपचारासाठी हवे आहेत" एवढंच लिहा. तीन वर्षं उलटून गेली असतील तरी विचारा, पुष्कळ ठिकाणी जुन्या फाइली असतात.

तिसरी पायरी: का फसलं?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. अमेरिकेत २००६पासून मार्स नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात रिव्हिजन झालेल्या १,२०५ रुग्णांची नोंद आहे. त्यातल्या पहिल्या ४६० जणांबद्दल सर्जननी जे कारण लिहिलं ते असं: नुसती नवी दुखापत ३२ टक्के, नुसती तांत्रिक चूक २४ टक्के, ग्राफ्ट शरीराने नीट न स्वीकारणं ७ टक्के, आणि एकापेक्षा जास्त कारणं एकत्र ३७ टक्के. तांत्रिक चुकांमध्ये मांडीच्या हाडातल्या टनेलची जागा चुकणं सगळ्यांत पुढे होतं.

टनेल म्हणजे ग्राफ्ट ओवण्यासाठी हाडात पाडलेलं भोक. ते मूळ लिगामेंटच्या जागेपासून पुढे सरकलं किंवा फार उभं पडलं, तर ग्राफ्ट नडगीला पुढे सरकण्यापासून कदाचित रोखतो, पण गोल वळताना रोखत नाही. अशा माणसाला सरळ पळता येतं आणि वळलं की पाय जातो. पाय वाकवताना अशा ग्राफ्टवर भलता ताणही येतो आणि तो हळूहळू सैल पडतो.

"मॅटवर पडलो म्हणून तुटलं" असं सांगणाऱ्या खेळाडूला मी विचारते, त्याआधी गुडघा शंभर टक्के पक्का होता का? पुष्कळदा उत्तर येतं, "तसा थोडा हलायचा." मग ती दुखापत हे निमित्त असतं, ग्राफ्ट आधीच सैल झालेला असतो. कबड्डीत तर चढाईपटूचा पाय मॅटवर रोवलेला असताना बचावपटू घोट्याला किंवा मांडीला लटकतात. चांगला ग्राफ्टही त्यात तुटू शकतो. म्हणून साध्या हालचालीत गेला की मोठ्या माराने, हे प्रामाणिकपणे सांगा. किती दिवसांनी गेला तेही महत्त्वाचं. पहिल्या सहा महिन्यांतच सैल पडला असेल तर तंत्र, पकड, जंतुसंसर्ग किंवा फार लवकर खेळायला लागणं यांचा संशय आधी घ्यायचा.

आता ती कारणं, जी पहिल्या वेळी कोणी पाहिलेलीच नसतात. गुडघ्याच्या बाहेरच्या-मागच्या कोपऱ्यातले किंवा आतल्या बाजूचे लिगामेंट सैल असतील तर सगळा भार एकट्या एसीएलवर येतो. गादीचं मूळ सुटलेलं असेल, किंवा आतली गादी मागच्या बाजूला आवरणापासून फाटलेली असेल, तरी तेच. या दुसऱ्या फाटण्याला रॅम्प म्हणतात आणि ती एमआरआयमध्येही निसटू शकते. शिवाय हाडाची ठेवण पाहायची. नडगीचा वरचा पृष्ठभाग मागे उतरता असतो. तो उतार साधारण १२ अंशांपेक्षा जास्त असला तर प्रत्येक पावलागणिक नडगी पुढे ढकलली जाते. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असले तरी ताण वाढतो. असं काही सापडलं तर नुसता नवा ग्राफ्ट घालून उपयोग नाही; हाड कापून दिशा बदलण्याचाही विचार करावा लागतो. उतार कमी करण्याचं ऑपरेशन मोठं असतं, म्हणून ते सहसा दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा ग्राफ्ट गेलेल्यांसाठी राखून ठेवतात.

चौथी पायरी: तपासण्या

एमआरआयचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवून निर्णय मागू नका. आधी हाताने तपासणी, आणि तीही दोन्ही गुडघ्यांची, कारण काही माणसांचे सांधे जन्मतःच सैल असतात. लॅकमन चाचणीत नडगी पुढे किती येते ते कळतं, पिव्हट शिफ्टमध्ये वळताना सरकणं कळतं. डॉक्टर तुम्हाला चालायला लावतात का, तेही बघा. पाऊल टाकताना गुडघा बाहेर ढकलला जातो का, हे झोपवून कळत नाही.

एक्स-रे उभं राहून काढलेले हवेत. समोरून, अगदी बाजूने, आणि कमरेपासून घोट्यापर्यंत पूर्ण पायाचा. बाजूच्या चित्रावरून उतार मोजतात, पूर्ण पायाच्या चित्रावरून वाकडेपणा. एमआरआय गादी, कूर्चा आणि ग्राफ्टसाठी. सीटी स्कॅन टनेलसाठी: ते नेमके कुठे आहेत आणि किती रुंद झाले आहेत. पुष्कळ जण विचारतात, एमआरआय झालाय तर सीटी कशाला? एमआरआयवर टनेलचा अंदाज येतो, पण रिव्हिजनमध्ये मोजमाप मिलिमीटरचं असतं. जंतुसंसर्गाची शंका असली तर सीआरपी, ईएसआर या रक्ततपासण्या आणि गरजेप्रमाणे सांध्यातलं पाणी काढून तपासणं. फिल्म आणि सीडी दोन्ही जपून ठेवा. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही.

पाचवी पायरी: करायचंच का? आणि केलं तर एका टप्प्यात की दोन?

ऑपरेशन न करणं हाही खरा पर्याय आहे. बैठं काम असेल, वळणारे खेळ सोडायची तयारी असेल आणि रोजच्या वागण्यात गुडघा निसटत नसेल, तर तीन महिने मन लावून स्नायूंचा व्यायाम करून बघणं शहाणपणाचं. गादी शिवण्याजोगी फाटलेली असेल, किंवा रोजच्या चालण्यातच पाय जात असेल, तर मात्र थांबण्यात नुकसान आहे.

करायचं ठरलं तर सगळ्यात मोठा निर्णय टनेलवर अवलंबून असतो. जुना टनेल योग्य जागी आणि अरुंद असेल तर तोच वापरता येतो. अगदीच चुकीच्या जागी असेल तर त्याला टाळून नवा पाडता येतो. अर्धवट चुकलेला टनेल सगळ्यांत त्रासदायक, कारण नवा पाडताना तो जुन्यात मिसळतो. टनेल रुंद होऊन १४-१५ मिलिमीटरच्या आसपास गेला असेल तर ग्राफ्टला पकड मिळत नाही. मग पहिल्या टप्प्यात जुने स्क्रू काढून भोकं हाडाच्या चुऱ्याने भरतात, साधारण चार ते सहा महिने थांबतात, सीटीवर हाड भरल्याची खात्री करतात आणि मग लिगामेंट बसवतात. हे हाड तुमच्याच कमरेच्या हाडातून घेतात किंवा टिश्यू बँकेतून आणतात. मुंबईत टाटा मेमोरिअल रुग्णालयाची टिश्यू बँक १९८८पासून आहे. जंतुसंसर्ग किंवा खूप ताठरपणा असला तरी दोन टप्पेच.

दोन टप्पे म्हटलं की घरचे हबकतात, आणि "एकातच उरकून देतो" म्हणणारा डॉक्टर बरा वाटतो. मोजमाप पाहून तसं म्हणत असतील तर ठीक. मोजमापच केलेलं नसेल तर उठून दुसरं मत घ्या.

सहावी पायरी: ग्राफ्ट कुठून?

मार्स अभ्यासातला एक निष्कर्ष प्रत्येक रुग्णाला माहीत असावा: दुसऱ्याच्या देहातून घेतलेला ग्राफ्ट वापरलेल्यांमध्ये तो पुन्हा तुटण्याची शक्यता स्वतःचा ग्राफ्ट वापरलेल्यांपेक्षा २.७८ पट निघाली. दोन वर्षांच्या पाहणीतला हा आकडा आहे. म्हणून तरुण आणि खेळणाऱ्या माणसाने शक्यतो स्वतःचाच घ्यावा.

पहिल्या वेळी मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंग वापरला असेल, आणि तसं बऱ्याच जणांचं असतं, तर आता वाटीखालची पट्टी दोन्ही टोकांच्या हाडासकट, मांडीच्या पुढची क्वाड्रिसेप्सची पट्टी, दुसऱ्या पायाचा हॅमस्ट्रिंग, किंवा घोट्याजवळची पेरोनियस लाँगस शिल्लक असते. यातलं सरसकट उत्तम असं काही नाही. तुमचं आयुष्य बघून ठरवा. वाटीखालची पट्टी हाडाला हाड जोडते म्हणून पक्की धरते, पण नंतर गुडघ्यावर टेकून बसताना पुढे दुखू शकतं. शेतात खुरपणी करणारी बाई, फरशी बसवणारा कारागीर, नमाज पढणारा, वज्रासनात बसणारा, या सगळ्यांनी हे आधी सांगायला हवं. पेरोनियस घेतला तर घोट्याची ताकद परत मिळवण्याचं काम वाढतं. दुसऱ्या पायाचा घेतला तर काही आठवडे दोन्ही पाय दुखरे.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला एक जादा पट्टी बसवून वळण्यावर आवर घालण्याची पद्धतही विचारा. डॉक्टर तिला एलईटी म्हणतात. कॅनडा आणि युरोपात १४ ते २५ वयाच्या ६१८ जणांवर झालेल्या स्टॅबिलिटी चाचणीत नुसत्या हॅमस्ट्रिंग ग्राफ्टचे ११ टक्के तुटले, सोबत ही पट्टी घातलेल्यांचे ४ टक्के. ती चाचणी पहिल्याच ऑपरेशनची होती, पण वळताना फार सरकणाऱ्या गुडघ्याच्या रिव्हिजनमध्ये बरेच सर्जन ही पट्टी घालतात.

सातवी पायरी: सर्जनशी बोलणं

मोठं नाव, मोठी पाटी यांपेक्षा हे प्रश्न उपयोगी पडतात. माझं पहिलं ऑपरेशन तुमच्या मते का फसलं? टनेल किती मिलिमीटरचे आहेत? नडगीचा उतार किती? गादी आणि बाकीचे लिगामेंट कसे आहेत, त्यांचं काय करणार? आत गेल्यावर वेगळं काही दिसलं तर दुसरा बेत कोणता? रिव्हिजन तुम्ही नेहमी करता का? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. नम्रपणे विचारा, जे हे काम नेहमी करतात ते रागावत नाहीत. घरातलं कोणीतरी सोबत न्या आणि उत्तरं तिथेच लिहून घ्या.

आठवी पायरी: पैसा आणि रजा

अंदाजपत्रक लेखी मागा. त्यात गादीची शिवण, जादा इम्प्लांट, सीटी आणि दुसरा टप्पा धरलाय का ते बघा. फिजिओथेरपी बहुधा पॅकेजमध्ये नसते आणि ती महिनोन्‌महिने चालते, तिचे पैसे वेगळे काढून ठेवा. विमा असेल तर दाखल होण्याआधी पूर्वमंजुरी घ्या, आणि पहिलं ऑपरेशन पॉलिसीच्या आधीचं असेल तर ते लपवू नका. दावा तिथेच अडकतो. महात्मा फुले योजनेत बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि कागद दाखवून विचारा.

नववी पायरी: शरीर आणि घर तयार करा

ताठ, सुजलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर बाहेर पडतो तोही ताठच गुडघा. त्यामुळे आधी सूज उतरवायची, पाय दुसऱ्या पायाइतका पूर्ण सरळ करायचा आणि मांडीचा स्नायू जागा करायचा. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबणं, पाय सरळ उचलणं, सायकल. कंटाळवाणे आहेत, पण रोज करा.

तंबाखू बंद. बिडी-सिगारेट तर नाहीच, पण गुटखा, मळलेली तंबाखू आणि मिश्रीसुद्धा. निकोटिनने रक्तपुरवठा घटतो, हाड भरायला आणि ग्राफ्ट रुजायला वेळ लागतो. टनेलमध्ये हाड भरायचं असेल तर हे दुप्पट लागू. साखर आटोक्यात आणा, पायावर खरूज, फोड, चिखल्या असतील तर आधी बऱ्या करा.

घरात खाली बसायचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा. झोपायला पलंग हवा, जमिनीवरून उठणं सुरुवातीला जमणार नाही. मांडी घालून बसणं बरेच महिने बंद राहील, हे जेवणाच्या पंगतीपासून सगळीकडे लक्षात ठेवा. पहिले दोन आठवडे दिवसभर एक माणूस घरी लागेल.

दहावी पायरी: ऑपरेशननंतरचं वेळापत्रक आधीच माहीत असू द्या

पहिल्या वेळी मित्राने कसं केलं किंवा तुम्ही स्वतः कसं केलंत, ते आता विसरा. रिव्हिजनचा वेग मुद्दाम कमी ठेवतात. पट्टा किती दिवस, वजन कधी टाकायचं, हे आत काय-काय केलं त्यावर ठरतं. गादीचं मूळ शिवलं असेल तर साधारण सहा आठवडे त्या पायावर भार देत नाहीत. पोटरीत दुखून सूज आली, धाप लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं तर फिजिओच्या पुढच्या भेटीची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जा.

निकालाबद्दल खरं ते ऐका. पहिल्या ऑपरेशनच्या तुलनेत रिव्हिजन फसण्याचं प्रमाण जुन्या अभ्यासांत तिप्पट-चौपट आढळलं आहे, आणि आधीच्या दर्जाला खेळात परत जाणारे निम्म्याच्या आसपास असतात. रोजचं चालणं-फिरणं, जिना, नोकरी, न निसटणारा पाय, हे मात्र बहुतेकांना मिळतं. स्पर्धेतला खेळ हेच एकमेव ध्येय असेल तर ही गोष्ट ऑपरेशनआधी स्वतःशी आणि प्रशिक्षकाशी बोलून घ्या.

खेळाची परवानगी तारखेवर देत नाहीत. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या एका अभ्यासात, पहिल्या ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका पुढे ढकलला तितकी प्रत्येक महिन्यामागे नव्या दुखापतीची शक्यता निम्म्याने घटली. रिव्हिजनला मी नऊ महिन्यांच्या आत कोणालाही मॅटवर सोडत नाही. बहुतेकांना वर्ष लागतं. मांडीची ताकद आणि एका पायावरच्या उड्या दुसऱ्या पायाच्या ९० टक्के तरी व्हायला हव्यात, सूज नको, आणि वळताना मनात भीती नको. त्यानंतरही आधी एकट्याने दिशा बदलणं, मग झटापट नसलेला सराव, मग पकडीचा सराव आणि सामना अगदी शेवटी. गावच्या यात्रेची स्पर्धा जवळ आली म्हणून मधली पायरी गाळायला सांगणारे पुष्कळ भेटतील. तेव्हा संघाच्या प्रशिक्षकाला फिजिओकडे घेऊन या आणि मोजलेले आकडे त्यालाही दाखवा.